ते स्कॅनिंग आधी थांबवा

एका वाचक ताईंचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"माझ्याकडे १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे, लॅपटॉपच्या केबलवरच चालणारी लहान. सहा वर्षं झाली. महिन्याभरापूर्वी चालू असतानाच टेबलावरून खाली पडली. नंतर काही दिवस ठीक होती. आता जोडली की कधी दिसते, कधी नाही. दिसली तर एकेक फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं. काही फाइली कॉपी करताना 'डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक' असं येतं, आणि परवा तर विंडोजने सरळ 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' म्हणून सांगितलं. मधूनच टक् असा आवाज येतो. तिच्यात मुलीच्या जन्मापासूनचे फोटो आहेत, कामाचे हिशेब आहेत, खूपसे सिनेमे आहेत, आणि बाबांच्या आवाजातली ४० रेकॉर्डिंग. बाबा आता नाहीत. दुसरी प्रत कुठेच नाही. भाचा म्हणतो चेकडिस्क चालव. ऑफिसमधले एकजण म्हणतात रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. मी एक रिकव्हरी सॉफ्टवेअर घेऊन परवापासून स्कॅनला लावलंय, दोन दिवसांत १४ टक्के झालंय. चालू ठेवू का?"

ताई, नका ठेवू. हा परिच्छेद संपला की पुढचं वाचण्याआधी उठा आणि ते स्कॅनिंग थांबवा. 'अर्धवट सोडायचं का?' असं विचारेल, हो म्हणा. डिस्क 'सेफली रिमूव्ह' होत असेल तर तशी काढा. लॅपटॉप त्यावरच घुटमळत बसला तर लॅपटॉप बंद करा आणि मग केबल काढा. फॉरमॅटचा प्रश्न पुन्हा आला तर कॅन्सल. कितीही वेळा आला तरी कॅन्सल. मग डिस्क एका जागी ठेवून द्या आणि पुढचं सावकाश वाचा. बंद ठेवलेल्या डिस्कचं आठवड्याभरात काही बिघडत नाही, जे बिघडायचं ते ती फिरत असताना बिघडतं.

दोन दिवसांचं काम पाण्यात घालायला सांगतोय म्हणून राग येईल, तर जरा हिशेब करू. १ टीबीचे १४ टक्के म्हणजे १४० जीबी. ४८ तासांत १४० जीबी म्हणजे सेकंदाला जेमतेम ०.८ एमबी. अशी लहान डिस्क धडधाकट असते तेव्हा सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते, अख्खी डिस्क तीन तासांच्या आत वाचून होते. तुमच्या गतीने उरलेल्या ८६ टक्क्यांना आणखी बारा दिवस लागतील. बरं, बारा दिवसांनी हातात काय पडणार? एक यादी. अशी बहुतेक सॉफ्टवेअर स्कॅन करताना एकही फाइल वाचवत नाहीत. कुठे काय आहे याची नोंद करतात, आणि तुम्ही 'रिकव्हर' दाबलं की त्याच फाइली वाचायला पुन्हा डिस्ककडे जातात. म्हणजे आचके देणाऱ्या डिस्ककडून एकच काम दोनदा करून घ्यायचं, आणि त्यातही निम्मी मेहनत सिनेम्यांवर.

आत काय झालं असावं ते सांगतो. त्या डबीत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात, मिनिटाला साधारण ५४०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या. वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही. तबकडीच्या वेगामुळे तयार होणाऱ्या हवेच्या थरावर ते तरंगतं, आणि मधलं अंतर असतं अवघं काही नॅनोमीटर. माणसाचा केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. केस राहू द्या, धुराचा कणसुद्धा त्या फटीपुढे डोंगर. अशी चालू डिस्क पडली की हेड तबकडीवर आपटतं. कधी हेडच दुखावतं, कधी तबकडीवर ओरखडा उठतो, आणि ओरखड्यातून सुटलेले कण आतच भिरभिरत राहतात. हेड पुन्हा पुन्हा त्या जागेवरून गेलं की ओरखडा वाढतो. 'नंतर काही दिवस ठीक होती' याचं कारण एवढंच असू शकतं की ज्या भागाला मार लागला तिथल्या फाइली तुम्ही त्या दिवसांत उघडल्या नव्हत्या.

आणि ते 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' नावाचं लांबलचक प्रकरण. डिस्क प्रत्येक सेक्टरसोबत, म्हणजे साठवणीच्या एकेका छोट्या खणासोबत, पडताळणीचे थोडे बिट लिहून ठेवते. वाचताना हिशेब जुळला नाही की ती तोच सेक्टर पुन्हा वाचून बघते, मग पुन्हा, असं कित्येक सेकंद. शेवटी हात टेकते, आणि विंडोज तो निरोप तुमच्यापुढे आणून ठेवतं. तुमचा फोल्डर पाच मिनिटं घेतो तो याच झटापटीत. त्या पाच मिनिटांत तुम्ही चहूबाजूंनी क्लिक करत बसलात तर मागण्यांची रांग वाढते, काम काही पुढे सरकत नाही.

तर मुद्दा असा, की तुम्हाला डिस्क वाचवायची नाहीये, तिच्यातलं वाचवायचंय. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिल्याच्या नादात दुसरं बुडतं. या डिस्कच्या शिलकीत फिरण्याचे किती तास उरलेत हे कोणीच सांगू शकत नाही, दोनशे असतील किंवा वीस मिनिटं. ती शिलक फक्त कॉपीवर खर्च करायची.

म्हणून भाच्याचं ऐकू नका. चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधली डिस्क-दुरुस्ती, चांगलं हत्यार आहे, पण निरोगी डिस्कवर, म्हणजे वीज गेल्याने किंवा केबल ओढली गेल्याने फाइलींच्या नोंदी विस्कटल्या असतील तेव्हा. मी स्वतः एकदा ते आजारी डिस्कवर लावून निवांत झोपलो होतो. सकाळी पडद्यावर 'त्रुटी दुरुस्त केल्या' अशी छान बातमी होती. फोल्डर उघडले तर निम्मे रिकामे, आणि 'फाउंड' नावाच्या एका नव्या फोल्डरात 'सीएचके' शेपटीच्या हजारभर फाइली, एकीलाही धड नाव नाही. चेकडिस्कच्या लेखी ही दुरुस्तीच असते. अनुक्रमणिका आणि पानं जुळत नसतील तर ते अनुक्रमणिकेतली ओळ खोडून टाकतं, पान शोधत बसत नाही. शिवाय हे सगळं ते त्याच फुटक्या डिस्कवर लिहून करतं, म्हणजे परतीची वाट बंद.

फ्रीजरचा उपाय तर कृपा करून विसरा. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, आतसुद्धा. वर सांगितलेल्या फटीत पाण्याचा थेंब म्हणजे काय, ते आता तुम्हीच ठरवा. हलके टपली मारणं, हलवून बघणं, झाकण उघडून 'आत काय दिसतंय' बघणं, सगळं त्याच जातीचं.

आता एक छोटी तपासणी, फार तर दहा मिनिटांची. डिस्क पडलीय म्हणून सगळा दोष तिच्यावर टाकून मोकळं होऊ नका, कधीकधी रोग केबलला असतो आणि औषध डिस्कला चाललेलं असतं. या लहान डिस्कची ती रुंद चपटी पिन ढिली होते. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतं, ३.० चं ९०० आणि तबकडी फिरायला सुरुवात होताना डिस्क त्याहूनही जास्त ओढू शकते. वीज अपुरी पडली तरी डिस्क टक् करते, मध्येच गायब होते. तेव्हा दुसरी, आखूड, चांगली केबल घ्या, हब मध्ये न ठेवता थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावा. डिस्क गादीवर किंवा मांडीवर नको, टणक सपाट जागेवर ठेवा. आणि कान लावा.

ठीक असलेली डिस्क सुरू होताना हळूच सूं करते, मग एक बारीक कुरकुर, मग शांत. हे ऐकू आलं, मध्ये एखादाच टक् झाला आणि डिस्कचा आकार लॅपटॉपला बरोबर १ टीबीच्या आसपास दिसला, तर आशेला जागा आहे. घड्याळासारखं टक्-टक्-टक् होऊन डिस्क थांबत असेल, किंवा न फिरता नुसतीच बारीक पीं-पीं करत असेल, तर केबल काढा. पुन्हा लावू नका. पहिल्या प्रकारात हेडला आपली जागाच सापडत नाहीये, दुसऱ्यात बहुधा हेड तबकडीला चिकटलंय किंवा मोटार अडकलीय. जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर इथे कामाचं नाही. आणि खरवडल्याचा आवाज आला तर क्षणभरही चालू ठेवू नका.

डिस्क नीट दिसत असेल तर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तिची प्रकृती एकदा बघून घ्या. बघायच्या दोनच नोंदी. क्रमांक ५, म्हणजे डिस्कने निकामी ठरवून बदललेले सेक्टर, आणि क्रमांक १९७ (या प्रोग्रॅममध्ये तो 'C5' असा दिसतो), म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून लटकलेले सेक्टर. १९७ समोर शून्याशिवाय काही असेल तर दोष केबलचा नाही, तबकडीचा किंवा हेडचा. (त्या आकड्यांत मध्येच ए-बी-सी अशी अक्षरं दिसली तर दचकू नका, तो प्रोग्रॅम आकडे हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत, दाखवतो.) वर 'गुड' असं निळ्या रंगात लिहिलं असेल तरी त्यावर विसंबू नका, मी 'गुड' डिस्क मरताना पाहिल्यात.

इथे तुम्हाला एक निर्णय घ्यायचाय, आणि मी त्यात गुळमुळीत बोलणार नाही. चालू असताना पडलेली, टक् करणारी डिस्क, आणि आत बाबांच्या रेकॉर्डिंगची एकुलती एक प्रत. खर्च पेलणार असेल तर यापुढे घरी काहीच करू नका, थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेत जा. लोक आधी घरी सगळं करून बघतात आणि हरल्यावर तिथे जातात, तेव्हा ओरखडा तिप्पट झालेला असतो आणि बिलही. तिथे गेल्यावर विचारा, की काम मूळ डिस्कवर करता की आधी तिची प्रत काढता? डिस्क उघडावी लागली तर धूळमुक्त जागा आहे का? हेड बदलायला त्याच मॉडेलची डोनर डिस्क, म्हणजे सुटे भाग काढून घ्यायला दुसरी डिस्क, मिळेल का? पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइलींची यादी दाखवता का? 'आम्ही रात्रभर सॉफ्टवेअर लावतो' असं उत्तर आलं तर डिस्क उचला आणि निघा, ते काम तुम्ही दोन दिवस केलंच आहे. 'सर्किट बोर्ड बदलला की झालं' म्हणणाऱ्यापासूनही सावध. त्या बोर्डावरच्या एका चिपमध्ये त्या एका डिस्कपुरती मापं लिहिलेली असतात, ती हलवल्याशिवाय नुसता बोर्ड बदलून बहुतेक आधुनिक डिस्क चालत नाहीत. तुम्ही काय काय केलंत ते न लाजता सांगा, पडली तेही, दोन दिवसांचं स्कॅनही.

प्रयोगशाळा शक्य नसेल, आणि डिस्क वर सांगितल्याप्रमाणे शांतपणे फिरत असेल, तर घरचा मार्ग असा.

डिस्क जोडण्याआधी कागदावर लिहा, काय हवंय, कुठल्या फोल्डरात, कुठल्या क्रमाने. एकदा ती सुरू झाली की विचार करायला वेळ नसतो. बाबांची ४० रेकॉर्डिंग पहिली. दहा-दहा मिनिटांची एमपीथ्री असतील तर एकेक १० एमबीच्या आत, सगळी मिळून ४०० एमबीच्या आसपास. तुमच्या ०.८ एमबीच्या रडतखडत गतीनेही ती साडेआठ मिनिटांत उतरतात. बारा दिवस विरुद्ध साडेआठ मिनिटं! मग फोटो, मग हिशेब. सिनेमे यादीत घेऊच नका. फोल्डर उघडत असेल तर एकेक फाइल किंवा पाच-दहा फाइली घ्या, अडली ती सोडून पुढची, अडलेलीवर डोकं आपटायचं नाही. कॉपी लॅपटॉपवर किंवा दुसऱ्या डिस्कवर, या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. लघुचित्रं दाखवणारा व्ह्यू बंद करून नुसती यादी ठेवा. प्रत्येक फोटोचं चित्र दाखवायला विंडोज तो फोटो वाचतं, आणि तुम्हाला वाटतं आपण नुसतं बघतोय.

विंडोज फॉरमॅटचंच तुणतुणं वाजवत असेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, सुरू करून बघा. लॅपटॉपवर ते बसवावं लागत नाही. तिथे डिस्क आपोआप उघडली जाणार नाही अशी सेटिंग करून 'फक्त वाचण्यासाठी' या पद्धतीने जोडा. विंडोज जिथे रुसून बसतं तिथे लिनक्स कधीकधी फोल्डर दाखवतं. तिथेही दिसलं नाही तर 'डीडीरेस्क्यू'. हे मोफत आहे, दिसायला रुक्ष, काळ्या पडद्यावर आकडे, पण अशा कामाला माझा सगळ्यात जास्त भरवसा याच्यावर. ते फाइली शोधत नाही. डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर एका मोठ्या इमेज फाइलमध्ये उतरवतं. जे सहज वाचता येतं ते आधी भराभर उचलतं, अडलेला भाग ओलांडून पुढे जातं, आणि सगळं सोपं संपल्यावर अडलेल्याकडे परततं. काय मिळालं, काय राहिलं याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे डिस्क तापली म्हणून थांबलात तरी उद्या तिथूनच पुढे. पहिली फेरी 'खरवडू नको' (-n) हा पर्याय देऊनच करा, हट्टी सेक्टरांशी कुस्ती शेवटी.

दोन गोष्टी इथे माणसाला रडवतात. एक, प्रत जिथे काढायची ती डिस्क १ टीबीपेक्षा मोठी, रिकामी, आणि एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेली नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. दुसरी भयंकर आहे. डीडीरेस्क्यूला आधी कुठून आणि मग कुठे, असं सांगायचं असतं. तो क्रम उलटला आणि सोबत 'फोर्स', म्हणजे जबरदस्तीने लिहिण्याचा पर्याय, दिलेला असला तर ते निमूटपणे कोऱ्या डिस्कवरचं 'काहीच नाही' तुमच्या फोटोंवर लिहून टाकेल. एंटर दाबण्याआधी दोन्ही डिस्कचे आकार आणि मॉडेल नंबर स्क्रीनवर वाचा, कागदावरच्याशी जुळवा, आणि भाच्याला शेजारी बसवून त्याच्याकडूनही वाचून घ्या. त्याच्या उत्साहाचा उपयोग इथे आहे.

इमेज निघाली की मूळ डिस्क कपाटात. आता जे काही प्रयोग करायचे ते इमेजवर, तिचीही एक प्रत काढून. 'टेस्टडिस्क' हा प्रोग्रॅम हरवलेलं पार्टिशन, म्हणजे फाइली ठेवलेला डिस्कचा विभाग, बऱ्याचदा शोधून देतो, आणि मग फाइली नावागावासकट दिसतात. तेही नाही जमलं तर त्याचाच भाऊ 'फोटोरेक'. तो फाइलीची नावं बघत नाही, फाइलीच्या सुरुवातीचे ठरावीक बाइट ओळखून ती उचलतो. त्यामुळे नावं आणि फोल्डर जातात. फोटोंचं फारसं अडत नाही, बहुतेकांच्या पोटात काढल्याची तारीख असते, तिच्यावरून लावता येतात. रेकॉर्डिंगचं मात्र एकेक ऐकूनच नाव द्यावं लागेल, आणि तुकड्या-तुकड्यांत साठवलेल्या मोठ्या फाइली तुटक्या निघू शकतात.

या सगळ्यात डिस्कचं प्लास्टिकचं कवच काढून आतली डिस्क थेट जोडावी असं कोणी सुचवेल. मोठ्या, वेगळ्या ॲडॉप्टरवर चालणाऱ्या डिस्कमध्ये ते कधीकधी चालून जातं. लहान डिस्कमध्ये बऱ्याचदा यूएसबीची पिन आतल्या बोर्डावरच डकवलेली असते, आणि काहींमध्ये तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी बोर्डावरची चिप सगळं सांकेतिक करून लिहिते. तो बोर्ड बाजूला केला की उरतो नुसता गोंधळ. कवच असू द्या. आणि काम झाल्यावर डिस्क चमत्काराने सुरळीत चालायला लागली तरी तिच्यावर पुन्हा काही ठेवू नका, सिनेमेसुद्धा नाही.

बॅकअपचं प्रवचन तुम्हाला आत्तापर्यंत चारजणांनी दिलं असेल, मी पाचवा होत नाही. पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडलोय, 'दुसरी प्रत कुठेच नाही'. फोटोंचं असेल तसं. रेकॉर्डिंग मात्र थेट डिस्कवर होत नसतात. बाबा बोलत होते तेव्हा त्यांच्यासमोर काय ठेवलं होतं? फोनच असणार. तो फोन बदलला तेव्हा विकला, की कुठल्या तरी खणात पडलाय? त्यातली एखादी भावाला, आत्याला, बाबांच्या मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवली होती का? बाबांचा स्वतःचा फोन कुणाकडे आहे? कुणी स्वतःला मेल करून ठेवली असेल, नव्या फोनवर जाताना जुन्याचा सगळा माल गूगल ड्राइव्हवर चढला असेल. आज रात्री डिस्कला विश्रांती आहेच. तेवढ्यात तो खण उघडा, जुन्या फोनचा चार्जर शोधा आणि तो फोन लावून ठेवा. पार उतरलेली बॅटरी लगेच उजेड दाखवत नाही, अर्धा-पाऊण तास तरी थांबा.